तान्ह्या पोळ्याचा बैल आणि अहंकाराचा प्रश्न

अहंकार जन्मतःच जीवाला चिकटलेला असतो, की व्यवहाराच्या धकाधकीत तो त्याला मागाहून जडतो, या प्रश्नाचा खल आपल्या दर्शनकारांनी पुष्कळ केला. परंतु ज्याच्याकडे नीट पाहिले असता या वादाचा काही निकाल लागण्याचा संभव होता, त्या तीन-चार वर्षांच्या मुलाला साक्षीसाठी हजर करण्याची तसदी त्यांपैकी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. पुराणांत मुले नाहीत असे नाही. पण ध्रुव, प्रल्हाद, नचिकेता ही मंडळी बोलू लागली की ही वयाने लहान असलेली म्हातारी माणसे आहेत असे वाटू लागते. खरे मूल आपल्याला भेटते ते भागवताच्या दशम स्कंधात, माती खाऊन ती खाल्लीच नाही म्हणून सांगणारे. आणि त्याने तोंड उघडताच यशोदेला त्यात पृथ्वी, आकाश, ग्रहगोल, सगळे गोकुळ आणि त्या गोकुळात उभी असलेली स्वतः यशोदासुद्धा दिसली. भक्तांनी या कथेत ईश्वराचे ऐश्वर्य पाहिले, ते योग्यच आहे. मला मात्र ती वाचताना असे वाटत आले आहे की, सगळे विश्व आपल्याच तोंडात सामावलेले आहे अशा थाटात वावरणारे मूल घरोघरी असते आणि त्याच्या आईला ते दर्शन रोज घडते; फक्त ती त्याला ऐश्वर्य न म्हणता हट्ट म्हणते.

या हट्टाच्या मुळाशी काय असते याचा पद्धतशीर शोध घेणारा पहिला मोठा संशोधक म्हणजे स्वित्झर्लंडातील न्यूशातेल गावी जन्मलेला ज्याँ पियाजे (१८९६–१९८०). जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटला जोडलेल्या बालशाळेत मुले आपसांत काय बोलतात हे टिपून घेऊन त्याने १९२३ साली बालकाची भाषा आणि विचार या विषयावर आपला पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारी शेजारी बसलेली दोन मुले तोंडाने अखंड बोलत असतात, पण त्यातले बरेचसे बोलणे कोणालाही उद्देशून नसते, ऐकणाऱ्याला ते कळले की नाही याची बोलणाऱ्याला फिकीर नसते, आणि तरीही दोघांची समजूत अशी की आपले संभाषण चालले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. आणि या वृत्तीला त्याने आत्मकेंद्रितता असे नाव दिले. पुढे १९४८ साली बेर्बेल इनहेल्डर या विदुषीबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्याने तीन डोंगरांचा तो प्रसिद्ध प्रयोग मांडला: टेबलावर तीन लहान डोंगरांचा देखावा मांडायचा, मुलाला एका बाजूला बसवायचे, एक बाहुली दुसऱ्या बाजूला ठेवायची, आणि बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील ते चित्र निवडून काढ म्हणून मुलाला सांगायचे. सहा-सात वर्षांच्या आतली मुले बहुधा जे चित्र उचलीत ते त्यांना स्वतःला दिसणाऱ्या डोंगरांचे असे.

यवतमाळ जिल्ह्याला या प्रयोगासाठी टेबलावरच्या डोंगरांची गरज नाही. उमरखेड तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा सहस्रकुंडाच्या खडकांवरून खाली कोसळते, आणि हा धबधबा अलीकडून विदर्भाचा व पलीकडून मराठवाड्याचा, म्हणजे नांदेड जिल्ह्याचा, असा दोन्ही काठांवरून पाहता येतो. पाणी एकच, पण अलीकडच्या माणसाला जो खडक उजव्या हाताला दिसतो तो पलीकडच्याला डाव्या हाताला दिसतो, आणि एका काठावरून जी धार अंगावर आल्यासारखी भासते ती दुसऱ्या काठावरून लांबची दिसते. अलीकडे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलाला, पलीकडच्या काठावरच्या माणसांना काय दिसत असेल, असे विचारून पाहावे. ते स्वतःला दिसते तेच सांगण्याचा संभव फार. वऱ्हाडचा मुलूख निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या हवाली केल्यापासून जवळजवळ शतकभर याच नदीकडे इंग्रजी दफ्तर उत्तरेकडून आणि निजामी दफ्तर दक्षिणेकडून पाहत होते, आणि पलीकडच्या रयतेला काय दिसते हा प्रश्न दोन्ही दफ्तरांना क्वचितच पडत असावा. परंतु तो विषय प्रौढांचा आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन.

नात्यागोत्यांच्या बाबतीतही मुलाची अशीच पंचाईत होते. तुला भाऊ आहे काय, असे विचारले तर ते ठासून ‘आहे’ म्हणते. मग त्या भावाला भाऊ आहे काय, असे विचारले की ‘नाही’ म्हणून मोकळे होते, कारण आपण स्वतः कोणाचे तरी भाऊ आहोत ही गोष्ट त्याच्या हिशेबात अजून जमा झालेली नसते. आजी ही बापाची आई आहे हे त्याला सांगितले असता ते हसते. एवढ्या मोठ्या बापाला आई कशाला लागते, हा त्याचा आक्षेप त्याच्या जागी रास्तच असतो. चंद्राचेही तेच. पियाजेने नोंदवले आहे की आपण चालू लागलो म्हणजे चंद्र आपल्यामागून येतो, अशी लहान मुलांची पक्की समजूत असते. रात्री बंडीत बसून वावरातून घरी येणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही मुलाने हे सिद्धान्तवाक्य जिनिव्हाला न जाता सांगितले असते. दोन मुले दोन उलट दिशांना निघाली तर चंद्र कोणाबरोबर जाईल, हा प्रश्न त्याला घातला म्हणजे मात्र ते घोटाळते. आणि हे घोटाळणे मला मोठे मोलाचे वाटते, कारण दुसऱ्या मुलाच्या डोक्यावरही एक चंद्र आहे ही शंका त्याच्या मनात त्या क्षणी प्रथम शिरते.

आता या सगळ्याला अहंकार म्हणावयाचे काय? येथे आपल्या समाजात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही मला चुकलेले वाटतात. एक पक्ष शिस्तप्रिय वडीलधाऱ्यांचा. मूल खेळणे वाटून घेत नाही, पाहुण्यांसमोर आपलेच घोडे दामटते, आई आजारी असताना तिला कडेवर घे म्हणून छळते, म्हणून ते आपमतलबी आहे असा निवाडा देऊन हा पक्ष छडीकडे वळतो. दुसरा पक्ष भाविकांचा. तुकोबांनी देवापाशी लहानपण मागितले, संतांनी बालवृत्तीची थोरवी गाइली, म्हणून बालकाच्या ठायी मी-तूपणाचा भेदच नसतो, ते मूर्तिमंत अद्वैत असते, असे हा पक्ष समजतो आणि कौतुकाने त्याच्या पाया पडतो. पहिल्या पक्षाने मुलाला दुसऱ्याचे हित दिसते आणि तरी ते ते नाकारते असे गृहीत धरले. दुसऱ्या पक्षाने मुलाने भेद ओलांडला आहे असे गृहीत धरले. वस्तुस्थिती अशी की मूल अद्याप भेदापर्यंत पोचलेलेच नाही. आणि जो गावाला पोचलाच नाही त्याच्यावर गाव लुटल्याचा आरोप जसा टिकत नाही, तसा गावाचा त्याग केल्याचा मानही त्याला देता येत नाही.

या गोष्टीचा उलगडा आपल्या विदर्भात वर्षातून एकदा लागोपाठच्या दोन दिवसांत होतो, तेवढा मला कोणत्याही ग्रंथात झालेला आढळला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतो. अमावास्येला बैल न्हाऊ-माखू घालून, शिंगांना रंग लावून, पाठीवर झूल टाकून तोरणाखाली उभे केले जातात, झडत्या म्हटल्या जातात, आणि मग घरी आणून त्यांना पुरणपोळीचा घास भरवतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, दारोदार नेतात आणि बोजारा म्हणून मिळालेली नाणी मुठीत घट्ट धरतात. दोन्ही सणांचा विधी वरवर सारखाच, आणि लाकडी बैलाच्या तोंडाशी पोळीचा तुकडा नेणाऱ्या मुलाची श्रद्धा तर बापाच्या श्रद्धेहून काकणभर अधिकच असते. लाकडाला भूक लागते यात त्याला संशय नसतो. पियाजेने मुलांच्या या समजुतीचाही अभ्यास केला होता. सूर्य, वारा, ढग यांना जीव आणि हेतू असतात असे लहान मूल मानते, आणि वय वाढेल तसतशी ही सजीवसृष्टी आकुंचित होत जाते, असे त्याने दाखवून दिले.

पण दोन्ही घासांत फरक आहे. मुलाने लाकडी बैलाला पोळी दिली ती पोळी त्याला स्वतःला आवडते म्हणून. त्याची भूक, त्याचा आनंद, त्याची झोप ही त्याने बैलात सहज भरली, कारण आपले संपते कोठे आणि बैलाचे सुरू होते कोठे याची शीव त्याच्या मनात आखलेली नव्हती. बापाने आदल्या संध्याकाळी तूप चोळले ते स्वतःच्या खांद्याला नव्हे. त्याच्या मानेवर कधी जू बसलेले नाही. काळ्या मातीत पाऊस लागून गेल्यावर ओला डवरा ओढताना जू नेमके कोठे काचते हे त्याला स्वतःच्या अंगाच्या अनुभवावरून कळण्याचा मार्गच नाही. ते त्याने बैलाकडे वर्षभर पाहून, त्याच्या चालीवरून, त्याच्या मान टाकण्यावरून ओळखले. मुलाची दया अमर्याद आहे, पण तिला दुसरा दिसलेला नाही. बापाची दया थोडी, कामापुरती, आणि पुष्कळदा उशिरा आलेली असते, पण ती दुसऱ्याच्या खांद्यापर्यंत जाऊन पोचलेली असते. धर्म म्हणून जे काही म्हणावयाचे ते मला या दुसऱ्या दयेत दिसते. पहिलीत जे आहे ते धर्माचे बीज असेल, कदाचित त्याहून गोडही असेल, पण ते धर्म नव्हे.

वेदान्त्यांना येथे एक हरकत घेता येईल, आणि ती वाजवी आहे. ते म्हणतील, तुमचा हा पियाजे ज्याला आत्मकेंद्रितता म्हणतो ती पाचसात वर्षांत ओसरते. आमचा अहंकार ओसरत नाही, तो मरेपर्यंत, आणि काहींच्या मते मेल्यावरही, जीवाची पाठ सोडत नाही. हे खरे आहे. सांख्यांच्या मते अहंकार हे बुद्धीतून निघणारे आणि पुढच्या सृष्टीला जन्म देणारे तत्त्व आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्यांनी अध्यासाचे जे विवेचन केले आहे, त्यात देहादिकांवर ‘मी’ लादून व्यवहार करण्याच्या बाबतीत पशू आणि विद्वान यांच्यात फरक नाही असे त्यांनी बजावले आहे. तेव्हा हा अहं एका वयाचा नव्हे. परंतु पियाजेचे एक सूक्ष्म प्रतिपादन वेदान्त्यांनी ऐकण्यासारखे आहे. आत्मकेंद्रित मूल स्वतःविषयी फार जागरूक असते असे नव्हे. उलट, आपली दृष्टी ही आपली आहे याचाच त्याला पत्ता नसतो, आणि म्हणूनच ती त्याला जगाचीच दृष्टी वाटते. आपल्याला दिसणारे डोंगर हे ‘आपल्याला दिसणारे’ डोंगर आहेत, हे ज्या दिवशी कळते त्याच दिवशी दुसऱ्याचे डोंगरही कळतात. स्वतःची ओळख आणि दुसऱ्याची ओळख या दोन्ही एकाच दाराने आत येतात. असे असेल तर दुसऱ्याला टाळून, डोळे मिटून, केवळ आत उतरून आत्मज्ञान होईल ही आपल्या काही साधकांची आशा मला तितकीशी भरवशाची वाटत नाही.

पियाजेवर आक्षेप आले नाहीत असे नाही, आणि त्यांतला एक तर त्याच्याच वर्षी जन्मलेल्या लेव विगोत्स्की या रशियन पंडिताचा. मूल एकटेच बडबडते ते ऐकणाऱ्याचे भान नसल्यामुळे, आणि भान आले की ही बडबड मरून जाते, असे पियाजे समजत होता. विगोत्स्कीने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले की ती मरत नाही, ती आत जाते. इतरांशी बोलता बोलता मूल स्वतःशी मोठ्याने बोलू लागते, मग पुटपुटते, मग नुसते मनात बोलते, आणि यालाच आपण विचार करणे म्हणतो. आपल्याकडच्या जपाच्या तीन पायऱ्या, वाचिक, उपांशु आणि मानस, हुबेहूब याच क्रमाने लागतात. मनुस्मृतीने तर मानस जपाला सर्वांत श्रेष्ठ ठरवले आहे. एकटे खेळत ‘आता चाक लावतो, आता बैल चालतो’ असे स्वतःला सांगणाऱ्या मुलाला गप्प बसवणाऱ्या आजोबांनी, हातातली माळ क्षणभर बाजूला ठेवून, आपण दोघे एकाच वाटेवर आहोत हे ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. एडिंबरो येथे मार्टिन ह्यूजेस याने १९७५ च्या सुमारास डोंगरांऐवजी शिपाई आणि लपणारा मुलगा अशा बाहुल्या वापरल्या, आणि शिपायाला दिसणार नाही अशा ठिकाणी मुलाला लपव म्हणून सांगितले. तेव्हा साडेतीन-चार वर्षांच्या मुलांपैकीही बहुतेकांनी ते अचूक केले. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात यावरून असा निष्कर्ष काढला की डोंगरांची कामगिरी मुलांना निरर्थक वाटत होती. लपण्याचा हेतू मात्र त्यांना कळत होता. म्हणजे मूल दुसऱ्याच्या नजरेत शिरू शकते, प्रसंग त्याच्या ओळखीचा असला पाहिजे एवढेच. लपंडावात स्वतःचे डोळे झाकून आपण दिसेनासे झालो असे मानणाऱ्या मुलांविषयी केंब्रिजच्या जेम्स रसेल यांनी २०१२ साली जे दाखवले ते तर याहून नवलाचे: या मुलांना आपले शरीर दिसते हे मान्य असते, पण डोळ्याला डोळा भिडल्याखेरीज ‘मला’ पाहिले असे ती मानीत नाहीत. ही समजूत चुकीची असेल. पण कळंबच्या चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, तेथे पायऱ्या उतरून जाणारा भाविक गर्दीत टाचा उंचावतो तो केवळ मूर्ती दिसावी म्हणून नव्हे, मूर्तीची नजर आपल्यावर पडावी म्हणूनही. दर्शन दोघांचे असते ही आपली श्रद्धा त्या झाकल्या डोळ्यांच्या मुलाला कोणी न शिकवता ठाऊक असते. तेव्हा बालकाच्या जगात दुसरा नसतोच, हे पियाजेचे म्हणणे जसेच्या तसे मला मान्य करता येत नाही. दुसरा असतो, पण तो आपल्याहून वेगळा आहे ही गोष्ट अजून कबूल झालेली नसते.

येथे गीतेच्या सहाव्या अध्यायातील आत्मौपम्याचा विचार नव्याने करावा लागतो. सर्वत्र स्वतःच्या उपमेने सुखदुःख ओळखणारा तो श्रेष्ठ योगी, असा त्या ठिकाणचा आशय आहे. परंतु स्वतःच्या उपमेने जग ओळखणे हे तर तान्ह्या पोळ्याचे मूलही करते! तेवढ्यानेच योग साधत असता तर बालवाड्या योग्यांनी भरलेल्या असत्या. गीतेला अभिप्रेत असलेली उपमा वेगळी असली पाहिजे, आणि ती कोणती याचे सर्वांत चांगले भाष्य मला एकनाथांच्या त्या प्रसिद्ध आख्यायिकेत दिसते. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची होती. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजले. नाथांना स्वतःला त्या क्षणी हवा होता तो अभिषेक. स्वतःची आवड तशीच्या तशी दुसऱ्यावर पांघरणारा माणूस गाढवालाही तीर्थ शिंपडून पुढे गेला असता. तहान सर्वांना लागते एवढी उपमा नाथांनी स्वतःवरून घेतली आणि ती कोणाची व कशाची हे गाढवाकडे पाहून ठरवले. त्या आख्यायिकेत अद्वैत आहे ते भेद पाहून झाल्यानंतरचे आहे. यशोदेच्या बाळाच्या तोंडातले अद्वैत त्याच्या अलीकडचे आहे. दोन्हींचे रूप सारखे दिसते म्हणून संतांनी बालकाची उपमा घेतली असेल, पण त्यांनी मागितलेले लहानपण ते मोठेपण जाणून मागितलेले होते.

मग खऱ्या अर्थाने अहंकारी कोण? माझे उत्तर असे की पलीकडचा काठ आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि तरीही तेथून पाहण्याचे जो नाकारतो तो. असा नकार मूल देऊ शकत नाही. त्यासाठी वय, हुद्दा आणि शक्यतो एक दफ्तर लागते. १९३० च्या जुलैत याच जिल्ह्यातील वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा ते गवत सरकारच्या जमाखर्चात एका रकान्यात होते आणि ज्याची गुरे उपाशी होती त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच रकान्यात होते. सरकारला दुसरा रकाना दिसत नव्हता असे कोणी म्हणणार नाही.

आज हाच प्रश्न मला अधिक टोचतो तो केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर. कोलामी ही मराठीची बोली नव्हे, ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तीन वर्षांचे कोलाम मूल अंगणवाडीत येते, बाई मराठीत विचारतात, ते गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यावरून ते मंद आहे, लाजाळू आहे, बुजरे आहे असा शेरा कोठे ना कोठे उमटतो. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्यालाही कमी-अधिक प्रमाणात हेच येते. आपण ज्या भाषेत विचार करतो तीच जगाची भाषा आहे असे समजून चालणे ही तीन डोंगरांच्या प्रयोगातली चूक आहे. फक्त या वेळी ती करणारा टेबलाच्या मोठ्या बाजूला बसलेला असतो आणि परीक्षा मात्र लहान बाजूला बसलेल्याची होते.

जिल्ह्यातील शिक्षणाची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांना म्हणून माझी एवढीच विनंती आहे. पोडावरच्या अंगणवाडीत शक्य तेथे कोलामी बोलणारीच सेविका नेमावी. तशी मिळत नसेल तर नेमलेल्या बाईने मुलाच्या आईजवळ बसून भूक, पाणी, दुखणे, भीती आणि झोप यांचे त्याच्या भाषेतले शब्द पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावेत, आणि ते होईपर्यंत त्या मुलाच्या बुद्धीविषयी कागदावर एक अक्षरही लिहू नये. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे सांगणारे ३५० (अ) हे कलम राज्यघटनेत १९५६ पासून आहे.